आधी तुळई, मग बँडसॉ

वाचकाचं पत्र:

काका, नमस्कार. आमचं गिरगावातलं घर पुनर्बांधणीसाठी पाडलं, तेव्हा माजघरावरच्या चार तुळया मी मागून घेतल्या. बर्मा सागवान आहे. प्रत्येकी साधारण ८ फूट लांब, ६ इंच उंच आणि ५ इंच रुंद. आता त्या पार्ल्याला आमच्या तळमजल्याच्या घरात, मागच्या ११ बाय १० च्या खोलीत भिंतीला लावून ठेवल्या आहेत. मी बँकेत नोकरी करते. गेली ४ वर्षं सुट्टीच्या दिवशी सुतारकाम करते. हातकरवत, रंधा, पटाश्या आणि एक ड्रिल एवढं माझ्याकडे आहे. या लाकडाचा देव्हारा, दोन पाट आणि पुस्तकांचं कपाट करायचं आहे. त्यासाठी बँडसॉ (दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीसारख्या पात्याची विजेची करवत) घ्यायचा विचार आहे. ९ इंची छोटा स्वस्तात मिळतोय. १४ इंची नवा घेतला तर यंदाचा बोनस त्यातच जाईल. एका पॅटर्न बनवणाऱ्या कारखान्यातला १८ इंची जुना, बिडाचा बँडसॉही विकाऊ आहे. यजमान म्हणतात, मशीन कशाला, गिरणीत चिरून आण. काय करू? अजून एक: एका तुळईला पाळण्याची कडी आहे. बाबांचा पाळणा तिलाच टांगला होता, माझाही. तिचं काय करावं ते कळत नाही.
– विलेपार्ले (पूर्व) येथील वाचक

उत्तर:

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचल्यावर मी कागद घेतला आणि आधी तुमची खोली काढली. मधोमध मशीन ठेवलं आणि त्याच्यापुढे ८ फुटांची तुळई ठेवली. ती भिंतीतून बाहेर गेली. बँडसॉवर लाकूड जितकं लांब, तितकी मोकळी जागा पात्याच्या अलीकडे लागते आणि तितकीच पलीकडे. ८ फुटांच्या तुळईला १६ फूट हवेत, शिवाय तुम्हाला उभं राहायला दीड-दोन फूट. तुमच्या खोलीत ९ इंची आणा नाहीतर १८ इंची, अख्खी तुळई तिथे चिरता येणार नाही. मशीन कोणतं घ्यायचं हे ठरवण्याआधी तुळई किती लांबीची कापायची हे ठरवावं लागेल.

वजनही बघा. सागवान घनमीटरला साधारण ६५० किलो भरतं. त्या हिशेबाने तुमची एक तुळई ३० किलोच्या आसपास जाते. ती टेबलावर पेलून धरायची, फेन्सला, म्हणजे टेबलावरच्या सरळ आधारपट्टीला, चिकटून ठेवायची आणि एकसारख्या वेगाने पुढे सरकवायची, हे एकट्या माणसाने करू नये.

म्हणून पहिलं काम हातकरवतीचं आहे. देव्हारा, पाट आणि कपाट यांच्या प्रत्येक भागाची लांबी वहीत लिहून काढा. प्रत्येक लांबीत दोन्ही टोकांना एकेक इंच वाढवा. बहुतेक सगळं साडेतीन फुटांच्या आत बसेल. साडेतीन फुटी तुकडा १३-१४ किलोचा होतो. तो तुम्ही एकट्या उचलाल, आणि अलीकडे-पलीकडे मिळून लागणारे ७ फूट तुमच्या ११ फुटांत मावतात. उरतील त्या कपाटाच्या उभ्या बाजू. त्यांच्यासाठी एक तुळई अख्खी ठेवा आणि ती गिरणीत चिरून आणा. म्हणजे एका तुळईपुरतं तुमच्या यजमानांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. बाकीच्या तीन मात्र घरीच चिरा. खिळ्याच्या भीतीने गिरणीवाले जुनं लाकूड घ्यायला कां-कूं करतात. घेतलंच तर एका दिवसात सगळं चिरून देतात, आणि कुठल्या फळीची रेघ देव्हाऱ्याच्या दारावर यावी हे बघायला तुम्ही तिथे नसता.

आता मशीन. बँडसॉचा आकडा म्हणजे त्याच्या चाकाचा व्यास. पात्यापासून उभ्या खांबापर्यंत किती जागा मिळते, तेवढं तो आकडा सांगतो. तुम्हाला त्याहून महत्त्वाचं आहे ते दुसरं माप: पात्याखाली किती उंच लाकूड जातं. ९ इंची मशीनवर ही उंची साधारण साडेतीन-चार इंच असते. तुमची तुळई आडवी ठेवली तर ५ इंच, उभी ठेवली तर ६. दोन्ही बाजूंनी ती आत जातच नाही. स्वस्त मशीनचा प्रश्न इथेच संपला.

पण समजा लाकूड लहान असतं, तरी मी तुम्हाला ते घेऊ नका असंच सांगितलं असतं, आणि त्यामागे माझं नुकसान आहे. मी पहिला बँडसॉ छोटाच घेतला. वडिलांच्या शिसवी पलंगाची एक जाड फळी होती, ती मधोमध चिरून दोन पातळ फळ्या करायच्या होत्या. वरची रेघ सरळ गेली, खालची सरळ गेली, आणि मधे पातं पोटात वळलं. फळ्या हातात आल्या तेव्हा एक मधे फुगलेली होती आणि दुसरी मधे इतकी पातळ, की रंधा मारल्यावर आरपार भोक पडलं. ती फळी परत मिळणार नव्हती. चूक लाकडाची नव्हती आणि माझ्या हाताचीही नव्हती. रुंद पात्याला जो ताण द्यावा लागतो तो त्या मशीनच्या चौकटीला पेलत नव्हता. ताण वाढवला की चौकटच वाकायची. तुमच्या तुळया अशाच आहेत, एकदाच मिळालेल्या. म्हणून मी एवढ्या ठामपणे लिहितोय.

१८ इंची जुन्या मशीनबद्दल वाचून मला फार बरं वाटलं. ती जुनी बिडाची यंत्रं जन्मभर चालतात. पण ते दोन-अडीचशे किलोचं किंवा त्याहूनही जड धूड असतं, कारखान्यातलं म्हणजे बहुधा थ्री फेजवर चालणारं, आणि घरात तुमच्याकडे सिंगल फेज. मोटर बदला किंवा व्हीएफडी (सिंगल फेजवर थ्री फेजची मोटर चालवणारं उपकरण) बसवा, चाकांची रबरं नव्याने चढवा, बेअरिंग बघा, हरवलेली झाकणं करून घ्या. एवढं सगळं झाल्यावर ११ बाय १० च्या खोलीत रंधा मारायला टेबल कुठे ठेवणार? गाळा असता तर मी स्वतः तुमच्याबरोबर बघायला आलो असतो. या खोलीसाठी नको.

उरला १४ इंची, आणि तो घ्या. त्यातही दोन जाती आहेत. एक बिडाच्या दोन तुकड्यांच्या चौकटीची, जुन्या अमेरिकन नमुन्यावर बेतलेली. तिच्यात पात्याखाली ६ इंच मिळतात. तुमची तुळई नेमकी ६ इंचांची, म्हणजे घासून बसणार किंवा बसणारच नाही. त्या चौकटीत मधे ठोकळा घालून उंची १२ इंच करता येते. मग पातं साडेत्र्याण्णव इंचांऐवजी १०५ इंची लागतं. दुसरी जात जोडलेल्या पोलादी पेटी-चौकटीची. तिच्यात मुळातच १० ते १३ इंच उंची मिळते आणि ताणाखाली चौकट हलत नाही. ही दुसरी घ्या. मोटर दीड हॉर्सपॉवरच्या खाली नको. वजन शंभर किलोच्या वरच जाईल. तळमजल्यावर असल्याने तुमची एक मोठी अडचण वाचली.

बोनस सगळा मशीनवर घालवू नका. पाचवा हिस्सा पात्यांसाठी बाजूला ठेवा. दुकानदार ही गोष्ट सांगत नाही, आणि नव्या माणसाची निराशा इथेच होते. लाकूड कापतं ते पातं. बाकी सगळं यंत्र त्या पात्याला ताठ आणि सरळ धरून ठेवण्यासाठी आहे. बँडसॉची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच कागदावर आली होती, पण कितीतरी वर्षं ती तिथेच राहिली. कारण टोकं जोडून केलेलं गोल पातं चाकांवर फिरताना सांध्यातच तुटायचं. १८४६ साली अॅन पॉलिन क्रेपँ या फ्रेंच बाईंनी पात्याचा सांधा टिकाऊ करण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. ते पॅरिसच्या पेरँ कंपनीने विकत घेतलं, आणि त्यानंतर कुठे हे यंत्र कारखान्यात उभं राहिलं. मशीन नव्हे, पात्याचा सांधा अडला होता.

तो सांधा काय सोसतो ते बघा. १४ इंची मशीनवर पातं मिनिटाला साधारण ३००० फूट धावतं. साडेत्र्याण्णव इंची पातं म्हणजे मिनिटाला सुमारे ३८५ फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत ते दोन चाकांवर दोनदा वाकतं. एका मिनिटात पोलादाची पट्टी साडेसातशेहून जास्त वेळा वाकून सरळ होते. म्हणून पातं बोथट होण्याआधी थकूनही तुटतं, आणि म्हणूनच काम संपलं की ताण सैल करायचा. विसरू नये म्हणून मशीनच्या दारावर चिठ्ठी लावा; मी लावली आहे.

तुम्हाला सुरुवातीला तीन पाती पुरतील. तुळया चिरायला अर्धा इंच रुंद, दर इंचाला ३ दात असलेलं, दात पुढे झुकलेलं. दात कमी म्हणजे दोन दातांमधली खाच मोठी, आणि ६ इंच उंच लाकडातून निघणारा भुसा त्या खाचेतूनच बाहेर यायचा असतो. बारीक दातांचं पातं लावलं तर भुसा आत कोंबला जातो, पातं तापतं आणि भरकटतं. 'बारीक दात म्हणजे साफ काप' हे हातकरवतीवरचं शहाणपण इथे उलटं पडतं. दुसरं पातं पाव इंची, दर इंचाला ६ दातांचं, देव्हाऱ्याच्या महिरपीसाठी. ते साधारण १६ मिलिमीटर त्रिज्येचं वळण घेतं. त्याहून तंग वळण असेल तर जवळजवळ आडवे काप मारून तुकड्या-तुकड्याने काढा, पातं पिळू नका. तिसरं पुन्हा अर्धा इंचीच, पहिल्याचा भाऊ, कारण पहिलं खिळ्याने जाणार.

सागवानात सिलिका असते, म्हणजे वाळूचाच अंश. लाकूड हाताला मऊ लागतं पण पात्याची धार खातं. साधं कार्बन पोलादाचं पातं तुमच्या एका तुळईतच दमेल. बायमेटल पातं (दातांना कडक आणि पाठीला लवचीक पोलाद असलेलं) महाग पडतं, पण बर्मा सागवानावर त्याचे पैसे वसूल होतात. पाती रिळातून मापाने कापून, सांधून देणारी दुकानं नागदेवी स्ट्रीटवर विचारा. सांधा हाताने चाचपून घ्या: मागच्या कडेला बोट फिरवलं तर पायरी लागता कामा नये. पायरी असेल तर ती दर फेरीला पात्याला मागून टेकू देणाऱ्या बेअरिंगवर टक्-टक् आपटते आणि काप खडबडीत येतो.

मशीन बघायला जाताना गुण्या (काटकोन तपासायचं साधन) आणि एक लांब, सरळ पोलादी पट्टी पिशवीत ठेवा. विजेशिवाय, वरचं चाक हाताने फिरवा. ते डुलतंय का, आवाज करतंय का बघा. पट्टी दोन्ही चाकांच्या कडांना लावून बघा, चाकं एका पातळीत असली पाहिजेत. टेबलावर पट्टी तिरपी धरून खालून उजेड येतो का बघा. वरचं गाईड (पात्याला बाजूंनी आणि मागून सावरणारा भाग) पूर्ण खाली आणि पूर्ण वर नेऊन दोन्हीकडे पातं गाईडच्या मधोमध राहतंय का तेही बघा. बरीच मशीन इथे नापास होतात. बेअरिंगचा नंबर विचारा. ६२०३ सारखा नेहमीचा नंबर असेल तर मुंबईत कुठेही मिळेल. चाकाची रबरं आणि गाईड सुटी मिळतात का याचं उत्तर बिलावर लिहून घ्या. अमेरिकेहून कोणी ६० हर्ट्झचं मशीन आणून देतो म्हणाला तर नको म्हणा. आपल्याकडे ५० हर्ट्झवर त्याची मोटर सहाव्या हिश्श्याने हळू फिरते, आणि ११० व्होल्टची असेल तर ट्रान्सफॉर्मरचं लोढणं वेगळं.

मशीन घरी आल्यावर पहिले दोन रविवार सागवानाला हात लावू नका. पॅकिंगच्या खोक्याची पाइनची लाकडं आणा आणि मशीन लावायला शिका. क्रम असा: गाईड सगळी मागे घ्या, पातं चढवा, ताण द्या, हाताने चाक फिरवत पातं वरच्या चाकाच्या मधोमध धावेल असं करा, आणि मगच गाईड जवळ आणा. बाजूची गाईड पात्याला जवळजवळ टेकलेली, मधे कागदाएवढी फट, आणि दातांच्या खाचेच्या मागे. दात गाईडला लागले तर एका सेकंदात त्यांचा सेट, म्हणजे आलटून-पालटून डावी-उजवीकडे दिलेला वाक, जातो. मागचं बेअरिंग मोकळं चालताना फिरता कामा नये. लाकूड लावलं की फिरलं पाहिजे. वरचं गाईड लाकडाच्या वर पाव इंचावर, त्याहून वर कधीच नाही. बोटांसाठीही तेच चांगलं.

टेबल पात्याशी गुण्यात आहे का हे बघायची मला आवडणारी युक्ती सांगतो. एका ठोकळ्यात थोडा काप घ्या, मशीन बंद करा, ठोकळा उलटा करून पात्याच्या मागून तोच काप पात्यावर सरकवा. सरळ बसला तर गुण्यात. अडला तर टेबल तिरपं आहे. दोन वाटीभर भुसा पडण्याआधी उत्तर मिळतं.

मग येतं पात्याचं 'ड्रिफ्ट', ज्यावर लोक उगाच फार घाबरवतात. पातं फेन्सला समांतर न जाता एका बाजूला खेचतं. एका सरळ फळीवर रेघ मारा, फेन्स न लावता हाताने त्या रेघेवर अर्धी फळी कापा, थांबा, आणि फळी ज्या कोनात उभी आहे त्या कोनात फेन्स बसवा. पण मला अनुभवाने वाटतं, धारदार पातं चाकाच्या मधोमध धावत असेल तर ड्रिफ्ट नावापुरतंच उरतं. ते अचानक वाढलं तर फेन्स हलवू नका, पातं बघा. एका बाजूचे दात बोथट झाले असतील, आणि बऱ्याचदा त्याचं कारण खिळा असतो.

खिळ्यांवर थांबायलाच हवं. तुळईच्या चारही बाजूंवरून लोहचुंबक फिरवा, मग हातातलं छोटं मेटल डिटेक्टर. ते विकत घ्या, एका पात्याच्या किमतीपेक्षा फार महाग नाही. खिळ्याभोवती सागवानात काळा डाग पडलेला असतो. डाग दिसला की डिटेक्टर गप्प असला तरी पटाशीने उकरून बघा. तुटलेल्या खिळ्याभोवती पोकळ ड्रिलने भोक पाडून तो लाकडासकट काढा आणि सागाचीच खुंटी ठोका. माझ्या पहिल्या जुन्या तुळईत मी डोळ्यांनी बघून 'साफ आहे' म्हटलं होतं. पातं नवं कोरं होतं, तीन मिनिटांत गेलं. मधे पोटात एक जुना, ठोकून केलेला चौकोनी खिळा निघाला. वरची टोपी केव्हाच गंजून गेली होती.

एका तुळईतून काय मिळेल तेही मांडून देतो. रुंदी ५ इंच म्हणजे १२७ मिलिमीटर. २२ मिलिमीटरच्या पाच फळ्या आणि मधे चार काप, प्रत्येकी साधारण १ मिलिमीटर: ११४ झाले. १३ मिलिमीटर उरले, ते दोन्ही बाहेरच्या, रंग लागलेल्या आणि खिळ्यांनी खाल्लेल्या बाजू साफ करायला. म्हणजे ६ इंच रुंद पाच फळ्या, रंधा मारून १८-१९ मिलिमीटर भरतील. १० इंची गोल करवतीचं पातं एका बाजूने जेमतेम ३ इंच खोल जातं आणि प्रत्येक कापाला ३ मिलिमीटर लाकूड खातं. या लाकडाला बँडसॉच हवा, तो यासाठी.

प्रत्येक फळी काढल्यावर तुळईची कापलेली बाजू रंध्याने सपाट करून घ्या आणि मगच पुढची फळी चिरा. फळ्या निघाल्या की लगेच वापरू नका. शंभर वर्षं आत दडलेलं लाकूड मुंबईच्या हवेत उघडं पडतं, ते थोडं वळणारच. मधे सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून थप्पी रचा, वर वजन ठेवा, तीन-चार आठवडे पंख्याखाली राहू द्या. आणि चिरकाम पावसाळ्यात काढू नका. जुलैत लाकूड ओल पिऊन फुगतं, तेव्हा केलेला पाट मे महिन्यात सांध्यात उघडतो. दिवाळीनंतर सुरू करा.

पावसाळ्यात काळजी बिडाच्या टेबलाची. पार्ल्यात समुद्र फार लांब नाही, एका रात्रीत टेबलावर तांबूस गंज धरतो. टेबलावर मेणाचा हात द्या, सिलिकॉन असलेला स्प्रे नको, तो लाकडाला लागला तर पुढे पॉलिश धरत नाही. वरून सुती चादर घाला, प्लास्टिक घालू नका. त्याच्या आत घाम धरतो. पाती तेलाचा हात देऊन टांगून ठेवा. सागाचा चिकटा पात्यावर बसला की धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात बुडवून ब्रशने घासा, पुसा, पुन्हा तेल. निम्म्या वेळा 'पातं बोथट झालं' म्हणतो ते नुसतं चिकटलेलं असतं.

वीज: दीड हॉर्सपॉवरची मोटर चालताना ७-८ अँपिअर घेते, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. मीटरपासून वेगळी अडीच चौरस मिलिमीटरची वायर, १६ अँपिअरचं सॉकेट, सी जातीचा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा) आणि खरी अर्थिंग. पिवळी एक्स्टेन्शन वायर लावून चालवू नका. वायरमनला मोटरवरची पाटी दाखवा, तो समजेल.

शेजाऱ्यांना आधी जाऊन सांगा. मशीन बसल्यावर नाही, आधी. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल ही ध्वनिप्रदूषण नियमांची मर्यादा आहे. बँडसॉ गोल करवतीपेक्षा बराच शांत चालतो, पण भुसा ओढणारं यंत्र ओरडतं. पायाखाली जाड रबर, खिडक्या बंद, आणि दुपारी एक ते चार मशीन बंद. वरच्या मजल्यावर कोणी आजारी किंवा परीक्षेचं मूल असेल तर तुम्हाला ते नियमाच्या आधी कळलं पाहिजे.

भुशाकडे मात्र मी अगदी कडक होऊन बघतो. लाकडाचा भुसा माणसाला कर्करोग करतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच नोंदवलं आहे. धोका मुख्यतः नाकाच्या आतल्या भागाला. सागाच्या भुशाने काहींच्या अंगावर पुरळही उठतं. जाड भुसा डोळ्यांना दिसतो, फुफ्फुसात जातो तो न दिसणारा. पात्याच्या अगदी खाली शोषणाची नळी, तोंडावर एन-९५, आणि काम झाल्यावर झाडू नका. ओल्या फडक्याने पुसा. ही तुमची घराला जोडलेली खोली आहे, दाराखाली फट राहू देऊ नका.

बँडसॉ लाकूड खाली टेबलावर दाबतो, गोल करवतीसारखा अंगावर फेकत नाही, म्हणून घरासाठी तो मला सर्वांत योग्य वाटतो. पण तो आवाज न करता कापतो, आणि तेच त्याचं भय आहे. बोट पात्याच्या रेषेत कधीच नको. शेवटचे चार इंच ढकलकाठीने. गोल दांडा हातात धरून कापू नका, तो पात्याखाली फिरतो आणि हात ओढतो. व्ही खाच असलेल्या ठोकळ्यात बसवा. हातमोजे घालून मशीन चालवू नका. ते फक्त पातं गुंडाळताना. ओढणी, बांगड्या, मोकळे केस, लांब मंगळसूत्र खोलीच्या बाहेर. मशीन बंद केल्यावर पातं बराच वेळ फिरत राहतं. चाक थांबेपर्यंत दार उघडू नका. आणि पातं तुटलं की बार उडाल्यासारखा आवाज होतो. मागे सरका, बटण बंद, थांबा. चष्मा प्रत्येक वेळी.

कायद्याचं एक वाक्य: गोल ओंडके चिरणं हे सॉ मिलचं काम आणि त्याला वन विभागाचा परवाना लागतो. तुमच्या तुळया घरातून निघालेल्या आहेत. तसं बिल्डरचं किंवा सोसायटीचं पत्र घेऊन ठेवा, खास करून जी तुळई टेम्पोतून गिरणीत जाईल तिच्याबरोबर.

आता कडीची तुळई. ती चौघींतली शेवटची कापा, हात बसल्यावर. कडीचा दांडा तुळईच्या आरपार गेलेला असेल आणि वरच्या बाजूला चकती घालून ठोकलेला किंवा नटाने आवळलेला असेल. वरून माती-चुना खरवडून बघा. त्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना नऊ-नऊ इंचांवर खूण करा आणि हातकरवतीने कापा. तो दीड फुटी तुकडा मशीनजवळ नेऊच नका, लोखंड किती पसरलंय सांगता येत नाही. दोन्ही उरलेले भाग मात्र डिटेक्टर फिरवून नेहमीसारखे चिरा. देव्हाऱ्याची मागची फळी यातूनच काढा, कडीच्या अगदी शेजारून, रेघ जुळेल.

तुकड्याचा रंग खरवडू नका. कडीवरचा सैल गंज तारेच्या ब्रशने काढा, तिला खोबरेल नको, चिकट होतं, मेण लावा. कापलेल्या दोन्ही टोकांना जवसाच्या तेलाचे दोन हात द्या, नाहीतर तिथून चिरा जातील. तो कुठे बसवायचा ते कपाट उभं राहिल्यावर ठरवा. वर छताला लावायचा विचार आला तर दांडा बाहेर काढून बघितल्याशिवाय त्यावर कुठलंही वजन टांगू नका. आतून तो किती खाल्लाय ते बाहेरून दिसत नाही.